सरकार पक्षाची साक्षीदार

वसंत व्याख्यानमालेत खुनाचा विषय, आणि तोही शिर्डीसारख्या क्षेत्राच्या ठिकाणी, हे काही श्रोत्यांस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. संतचरित्र, शेती, सहकार, फार झाले तर मराठेशाहीतील एखादी लढाई, असे विषय या दिवसांत शोभून दिसतात. परंतु इतिहास हा केवळ लढायांचा नसतो. माणसे ज्या गोष्टी ऐकतात त्यांचाही इतिहास असतो. आणि त्या गोष्टींचा शेवट कोणी, केव्हा, कोणत्या भयाने किंवा कोणत्या भिडेने बदलला हे पाहू लागले, म्हणजे त्या त्या समाजाच्या न्यायबुद्धीचा ठाव लागतो. म्हणून आम्ही आज एका विलायती खुनाच्या चित्रपटाचा शेवट हा विषय निवडला आहे. या विषयाचा एक धागा शेवटी याच गावापर्यंत येऊन पोचतो, हेही आताच सांगून ठेवतो.

चित्रपटाचे नाव 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन'. आपल्या कोर्टाच्या भाषेत सांगावयाचे तर 'सरकार पक्षाची साक्षीदार'. बिली वाइल्डर हा त्याचा दिग्दर्शक, आणि १९५७ च्या डिसेंबरात अमेरिकेत तो प्रथम दाखविला गेला. चित्रपट संपतो तेव्हा पडद्यावर श्रेयनामे असतात आणि एक आवाज प्रेक्षकांस विनंती करतो की, ज्यांनी हा खेळ अद्याप पाहिलेला नाही अशा आपल्या मित्रांस कृपा करून शेवट सांगू नका. ही विनंती आम्ही आज मोडणार आहोत. पण ती मोडणारे आम्ही पहिले नव्हेत. विद्यार्थिदशेत पुण्यास एका चित्रपट मंडळाच्या खेळाला आम्ही गेलो होतो. शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थ हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहत होते. मध्यंतरात शेंगदाण्यांची पुडी आमच्यापुढे करीत ते अत्यंत प्रेमाने म्हणाले, "त्या बाईवर नजर ठेवा हं, सगळे तिचेच नाटक आहे." त्या गृहस्थांस आम्ही त्या वेळी मनातल्या मनात जे म्हटले ते येथे उच्चारण्याजोगे नाही. मात्र पुढे एक गोष्ट ध्यानात आली. शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक आणि इतिहासाचा अभ्यासक यांची स्थिती एकच असते. पानिपतावर काय झाले हे आधी ठाऊक असते. पाहावयाचे असते ते इतकेच की गोष्ट तिथवर गेली कशी.

कथा थोडक्यात अशी. लेनर्ड व्होल नावाचा एक देखणा, गोडबोल्या, निरुद्योगी तरुण. एमिली फ्रेंच नावाच्या पैसेवाल्या विधवेशी त्याची ओळख होते. ती बाई मृत्युपत्रात त्याच्या नावे मोठी रक्कम ठेवते आणि लौकरच तिचा खून होतो. संशय अर्थात लेनर्डवर. त्याचा बचाव सर विल्फ्रिड रॉबर्ट्‌स हे नामांकित, पण नुकतेच हृदयविकारातून उठलेले बॅरिस्टर करतात. ही भूमिका चार्ल्स लॉटन या नटाने केली, आणि सिगार व ब्रँडी यांवरून त्यांच्याशी अष्टौप्रहर भांडणारी परिचारिका झाली त्याचीच पत्नी एल्सा लँचेस्टर. आरोपीची सारी भिस्त बायकोवर असते. खून झाला त्या वेळी तो घरी होता, हे सांगणारी तीच एक. पण क्रिस्टिन (ही मार्लेना डीट्रिश) कोर्टात उभी राहते ती सरकार पक्षाच्या बाजूने! ती सांगते की लेनर्ड उशिरा आला, त्याच्या बाहीला रक्त होते, आणि 'मी तिला मारले' असे त्याने आपल्यापाशी कबूल केले. खटला बुडाल्यासारखा होतो. इतक्यात एक ओबडधोबड बोलीची, गालावर व्रण असलेली बाई सर विल्फ्रिडना काही पत्रे विकते. ती पत्रे क्रिस्टिनने कोणा माक्स नावाच्या प्रियकरास लिहिलेली असतात, आणि नवऱ्याला फासावर चढवून मोकळे होण्याचा बेत त्यांत असतो. पत्रे कोर्टात वाचली जातात, क्रिस्टिन खोटी ठरते, ज्यूरी लेनर्डला निर्दोष सोडते.

येथे सामान्य रहस्यकथा संपली असती. पण कोर्ट रिकामे झाल्यावर क्रिस्टिन सर विल्फ्रिडना सांगते की पत्रे विकणारी ती व्रणाची बाई मीच होते, आणि माक्स नावाचा कोणी इसम नव्हताच. प्रेम करणाऱ्या बायकोने 'नवरा घरी होता' असे सांगितले तर ज्यूरी विश्वास ठेवणार नाही हे तिने ओळखले होते. म्हणून ती आधी द्वेष्टी बायको झाली आणि मग स्वतःच स्वतःस खोटी पाडून घेतली. सर विल्फ्रिड म्हणतात की तो निर्दोष आहे यावर थोडा विश्वास ठेवावयाचा होता. त्यावर ती जे सांगते त्याने त्या वृद्ध बॅरिस्टरची चर्याच पालटते. तो दोषी आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते! पाठोपाठ लेनर्ड येतो, त्याच्याबरोबर एक तरुण मुलगी असते, आणि क्रिस्टिनची आता आपल्याला गरज उरली नाही हे तो हसत हसत सांगतो. पुराव्यातील सुरी अजून टेबलावर पडलेली असते. क्रिस्टिन ती उचलते.

हा शेवट जन्मतः असा नव्हता. मूळ कथा अगाथा ख्रिस्तीबाईंनी लिहिली आणि ती १९२५ च्या जानेवारीत एका अमेरिकन साप्ताहिकात 'ट्रेटर हँड्स' म्हणजे 'फितूर हात' या नावाने छापली गेली. नावाचे कारण असे की, साक्षीच्या पिंजऱ्यात बोलताना हातांच्या मुठी वळण्याची व सोडण्याची एक सवय त्या स्त्रीस असते, आणि तीच सवय पत्रे विकणाऱ्या बाईच्या ठिकाणी वकिलाने पाहिलेली असते. हातांनी फितुरी केली आणि सोंग उघडे पडले. पण या कथेत सुरी नाही, दुसरी मुलगी नाही, शिक्षा नाही. आरोपी सुटतो, आणि तो दोषी होता हे मला माहीत होते, असे ती स्त्री वकिलाला सांगते. कथा तेथेच संपते. खुनी मोकळा, त्याला वाचविणारी मोकळी, वकील मात्र हतबुद्ध.

अठ्ठावीस वर्षांनी, १९५३ च्या २८ ऑक्टोबरला, लंडनच्या विंटर गार्डन नाट्यगृहात याच कथेचे नाटक आले. ख्रिस्तीबाईंनीच ते लिहिले होते आणि शेवटास सुरी आणली होती. हा नवा शेवट भोवतालच्या मंडळींस पसंत नव्हता. परंतु तोच राहील, नाही तर नाटकच होणार नाही, असा हट्ट आपण धरला, असे बाईंनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आम्हांला हे विशेष वाटते. सर्वसाधारणपणे लेखक कडू शेवट लिहितो आणि धंदेवाईक मंडळी तो गोड करावयास लावतात. येथे लेखिकेलाच आपला जुना शेवट अपुरा वाटला. पस्तिशीच्या आत लिहिलेल्या गोष्टीत चातुर्यावर खूष असलेली लेखिका साठी ओलांडल्यावर विचारू लागली असावी की त्या म्हाताऱ्या बाईचे काय? तिचा हिशेब कोणी द्यावयाचा? हे आमचे अनुमान आहे. कोणास ते मान्य नसल्यास आमचे भांडण नाही.

चित्रपटास तर हा नवा शेवट सोयीचाच पडला. अमेरिकेतील चित्रपट व्यवसायाने १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता तयार केली होती आणि १९३४ पासून ती कडकपणे अमलात होती. गुन्हेगाराविषयी सहानुभूती उत्पन्न होऊ नये, गुन्हा करून कोणी सुखाने नांदताना दिसू नये, असा तिचा रोख असे. तिच्यापायी काय काय गमती झाल्या! 'द बॅड सीड' या नाटकात खुनी असलेली लहान मुलगी शेवटी जिवंत राहते. १९५६ च्या चित्रपटात तिच्यावर वीज पाडण्यात आली. न्यायाधीश नाही, पोलीस नाही, तेव्हा आकाशातून वीज! अशा काळात १९२५ ची मूळ कथा जशीच्या तशी पडद्यावर येणे अशक्यच होते. पण वाइल्डरने नुसती शिक्षा दाखवून हात झटकले नाहीत. सर विल्फ्रिड एकनेत्री चष्मा सहज खेळवीत असतात, त्याचा कवडसा टेबलावरील सुरीवर पडतो, आणि मग क्रिस्टिनची नजर तिकडे जाते. सहज की मुद्दाम, हे चित्रपट सांगत नाही. खून झाल्यावर, तिने खून केला असे कोणी म्हणताच, तिने शिक्षा अमलात आणली, अशा अर्थाचे उत्तर सर विल्फ्रिड देतात आणि विश्रांतीचा प्रवास रद्द करून तिचे वकीलपत्र घेतात. ज्या बाईने त्यांच्या न्यायालयास बाहुले करून नाचविले, तिचेच! आमच्या मते चित्रपटाचा खरा शेवट सुरी नसून हे वकीलपत्र आहे.

आता आपल्याकडे वळू. श्रोत्यांत वकील मंडळी असतीलच. त्यांच्या मनात एव्हाना एक शंका उभी राहिली असेल. हे सारे आपल्या कोर्टात घडू शकले असते काय? आमचे उत्तर असे आहे की, दोन ठिकाणी हा डाव आपल्याकडे अडला असता, आणि ती दोन्ही ठिकाणे मोठी उद्बोधक आहेत.

पहिले बायकोच्या साक्षीचे. विलायतेत त्या काळी बायकोस नवऱ्याविरुद्ध साक्षीस उभे करता येत नसे. म्हणून ख्रिस्तीबाईंस एक युक्ती करावी लागली. क्रिस्टिनचे आधीच एक लग्न झालेले असून तो नवरा हयात आहे, सबब लेनर्डशी झालेले लग्न कायद्याने लग्नच नव्हे. आपल्याकडे या खटपटीची गरज नव्हती. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात १२० व्या कलमाने नवरा-बायको एकमेकांच्या खटल्यात सक्षम साक्षीदार ठरविले होते. मात्र १२२ वे कलम सांगत होते की संसारात एकाने दुसऱ्यास विश्वासाने जे सांगितले ते त्याच्या संमतीवाचून कोर्टात फोडता येणार नाही. म्हणजे बायको नवऱ्याचे कृत्य सांगू शकते, त्याचे बोलणे नाही. हा भेद पुस्तकी नव्हे. १९५४ मध्ये उत्तर प्रदेशातील रामभरोसे नावाच्या आरोपीच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच केले. पहाटे नवरा छपरावरून उतरला, भुशाच्या कोठीत जाऊन आला, मग आंघोळ करून पुन्हा धोतर नेसला, हे बायकोने डोळ्यांनी पाहिलेले पुराव्यात घेतले. दागिन्यांविषयी तो तिच्याशी जे बोलला ते वगळले. या मापाने क्रिस्टिनच्या साक्षीतील बाहीचे रक्त आपल्या कोर्टात आले असते, 'मी तिला मारले' हे वाक्य दाराबाहेर राहिले असते. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला; पण कलमांचे आकडे बदलले तरी हे तत्त्व बदललेले नाही.

दुसरी अडचण अधिक मोठी. चित्रपटातील लेनर्ड इतक्या निर्धास्तपणे हसतो कशाच्या बळावर? एकदा ज्यूरीने सोडले की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, या इंग्रजी न्यायातील जुन्या तत्त्वाच्या बळावर. आता गंमत पाहा. इंग्रजांनी हे तत्त्व आपल्या घरी देव्हाऱ्यात ठेवले, परंतु हिंदुस्थानात राज्य करताना निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा अधिकार सरकारला देऊन टाकला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१७ वे कलम याकरिताच होते. स्वतंत्र भारताने तो अधिकार ठेवून घेतला आहे. दुबार खटल्यास मनाई आपल्याकडेही आहे, पण अपील हा दुसरा खटला नव्हे, पहिल्याचीच पुढची पायरी, असे आपला कायदा मानतो. शिवाय इंग्रजी ज्यूरी निकालाचे कारण सांगत नाही. आपल्या न्यायाधीशास निकालपत्र लिहावे लागते आणि त्यातले प्रत्येक वाक्य वरच्या कोर्टाच्या चिमट्यात सापडू शकते. तेव्हा मुंबईच्या सेशन्स कोर्टात सुटलेल्या लेनर्डने पायऱ्यांवर हसण्यापूर्वी अपिलाच्या मुदतीचे दिवस मोजले असते.

हे निव्वळ कल्पनेचे खेळ नव्हेत. वाइल्डरचा चित्रपट दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच मुंबईस एक असा खटला उभा राहिला की त्यापुढे चित्रपट फिका पडावा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा यास त्याच्या घरी जाऊन रिव्हॉल्व्हरने ठार केले आणि ते स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. झटापटीत गोळ्या सुटल्या असा बचाव होता. मुंबई या तरण्याबांड अधिकाऱ्यावर लुब्ध झाली होती, 'ब्लिट्झ' साप्ताहिक त्याच्या बाजूने रान उठवीत होते, आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. चित्रपट असता तर येथे बँड वाजला असता. परंतु सेशन्स जज्ज रतिलाल मेहता यांना हा निकाल पुराव्याशी विपरीत वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. सरकारची बाजू तेथे यशवंतराव चंद्रचूड यांनी मांडली. पुढे सरन्यायाधीश झाले ते हेच. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

त्या खटल्यातील एक बारीकशी वस्तू आम्हांस नेहमी आठवते. आहुजा नुकताच स्नानगृहातून बाहेर आला होता आणि कमरेला फक्त पंचा होता. इतकी झटापट झाली म्हणता, तर पडलेल्या माणसाच्या कमरेचा पंचा सुटला कसा नाही? कर्तबगार साक्षीदार, उच्चभ्रू पत्नी, पदकांनी मढलेला गणवेश, या साऱ्यांहून तो न सुटलेला पंचा अधिक बोलका ठरला. क्रिस्टिनच्या खटल्यात नेमके हेच नव्हते. तेथे सारा निकाल बोलण्यावर आणि बनावट पत्रांवर झाला. नानावटी प्रकरणाचा शेवट मात्र तेथेही झाला नाही. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली, ते कुटुंबासह कॅनडास गेले आणि २००३ मध्ये तेथेच वारले. याच खटल्याने ज्यूरी गेली असे सरसकट म्हटले जाते. ते तंतोतंत खरे नाही. ज्यूरीविषयीचा अविश्वास आधीपासूनच होता, आणि फौजदारी खटल्यांतून तिला पुरता निरोप मिळाला तो १९७३ च्या संहितेने. पण त्या निरोपास या निकालाने जोर आणला हे खरे.

इकडे विलायतेत लेनर्डचे ते हसू किती दिवस टिकले? १९८९ मध्ये उत्तर इंग्लंडातील बिलिंगहॅम गावी एक तरुण विवाहिता नाहीशी झाली. पोलिसांनी घराची झडती घेतली, काही सापडले नाही. घर परत ताब्यात मिळाल्यावर, तिची आई अ‍ॅन मिंग यांना न्हाणीघरातल्या टबाच्या फळीमागे मुलीचे प्रेत सापडले. आरोपीवर खटला झाला, दोनदा ज्यूरीचे एकमत होईना, म्हणून १९९१ मध्ये रीतीप्रमाणे तो निर्दोष सुटला. पुढे त्याने तुरुंगातील अधिकाऱ्यापाशी खून केल्याची कबुली दिली. पण खुनासाठी पुन्हा खटला भरता येत नव्हता. कोर्टात खोटे बोलल्याबद्दल त्याला २००० मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, एवढेच. क्रिस्टिनला खोट्या साक्षीबद्दल तुरुंग दिसत होता, तसाच हा प्रकार. फरक हा की येथे खोटे बोलणारा स्वतः खुनी होता. त्या मातेने सुरी उचलली नाही. ती मंत्र्यांकडे गेली, वर्तमानपत्रांकडे गेली, कायदेमंडळाच्या समित्यांपुढे बसली. २००३ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टने, नवा व सबळ पुरावा मिळाल्यास गंभीर गुन्ह्यात दुबार खटल्याची वाट मोकळी केली. ती तरतूद २००५ पासून अमलात आली. २००६ मध्ये त्या माणसाने गुन्हा कबूल केला आणि त्यास जन्मठेप झाली. या नव्या वाटेने शिक्षा झालेला तो पहिलाच. मध्ये सतरा वर्षे गेली होती. चित्रपटातील सुरीस सतरा पळेही लागली नव्हती. आम्हांस विचाराल तर चित्रपटाचा शेवट पाहताना टाळ्या वाजविणारा हात अ‍ॅन मिंग यांची हकीकत वाचल्यावर जरा आवरतो.

आपल्या मराठी प्रेक्षकास कोर्टाचे वावडे कधीच नव्हते. १९६२ च्या ऑक्टोबरात आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' दिल्लीस रंगभूमीवर आले ते एका तोतयाच्या खऱ्या खटल्यावरूनच रचलेले होते. फिरत्या रंगमंचावर साक्षीदारामागून साक्षीदार येतो, ओळखतो, आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे शांतपणे ओळख नाकारतो. क्रिस्टिन एका साक्षीतून दोन बायका उभ्या करते. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा एका अंगातून किती पुरुष उभे करतो याची मोजदाद कठीण. आणि अगाथा ख्रिस्ती म्हणाल तर त्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणण्याचे मोठे काम ज्यांनी केले ते मधुकर तोरडमल आपल्याच जिल्ह्याचे म्हटले पाहिजेत. रंगभूमीवर नाव होण्यापूर्वी ते नगरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असत. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. आमच्या जिभेस मात्र अजून नगरचीच सवय आहे, श्रोत्यांनी क्षमा करावी.

परंतु आमच्या विषयाशी सर्वांत जवळचा मराठी चित्रपट १९६४ चा 'पाठलाग'. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी तो केला. काशिनाथ घाणेकर वकिलाच्या भूमिकेत, भावना यांची दुहेरी भूमिका. त्यास मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले आणि १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' या नावाने तो पुन्हा निघाला. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत वारलेली असते, त्याने स्वतः अग्नी दिलेला असतो; आणि दरोडेखोरांबरोबर पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री कोर्टात म्हणते की मीच तुमची बायको. तो तिची उलटतपासणी करतो. घरातल्या चार भिंतींत झालेली गुजगोष्ट ती भर कोर्टात सांगते आणि तो दर वेळी दचकतो. शेवटी कळते की जळाली ती जुळी बहीण. उभी आहे ती खरीच बायको.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. दोहोंत बायको साक्षीच्या पिंजऱ्यात आहे, दोहोंत एका चेहऱ्यामागे दुसरा चेहरा आहे. तिकडे सत्य कळते आणि घर मोडते. इकडे सत्य कळते आणि मोडलेले घर सांधले जाते. तिकडे जिच्यावर विश्वास ठेवला ती खोटी निघते, इकडे जिच्यावर अविश्वास केला ती खरी. आपला प्रेक्षक भाबडा म्हणून असे होते, अशी टीका होते. आम्हांला ती पटत नाही. गावोगावच्या जत्रांतून तंबूत सिनेमा पाहणारा आमचा शेतकरी कोर्टाच्या पायऱ्या लंडनच्या प्रेक्षकाहून अधिक वेळा चढलेला असे. बांधाचा दावा, वाटपाचा दावा, तारखा, खोटे साक्षीदार, हे त्याला पडद्यावर पाहण्याची गरज नव्हती. कोर्टातून माणूस आपल्या घरी परत आला, एवढेच त्याला पाहावयाचे होते, कारण ते त्याने क्वचित पाहिलेले असे. तरीही कलेच्या दृष्टीने 'पाठलाग'च्या शेवटास एक उणेपणा आहे हे आम्ही नाकारीत नाही. जुळी बहीण ही सोय आहे. क्रिस्टिनचे सोंग ही करणी आहे. सोयीने सुटलेले कोडे घरी जाईपर्यंत विसरते.

आता आरंभी उल्लेखिलेला धागा. साईबाबांच्या चरित्रकारांनी एक हकीकत नमूद केली आहे. ती खुनाची नव्हे, चोरीची आहे. पण साक्षीदार शिर्डीचा आहे. जडजवाहीर चोरल्याच्या आरोपावरून धुळ्याच्या कोर्टात एक इसम उभा होता. हा माल आपणांस शिर्डीच्या साईबाबांनी दिला, असे त्याने सांगितले. मॅजिस्ट्रेटने बाबांस साक्षीचे समन्स काढले. भक्तमंडळींत काकासाहेब दीक्षित हे मुंबईचे सॉलिसिटर होते, त्यामुळे कायद्याची वाट निघाली. साक्षीदारास हजेरीतून सूट देऊन त्याची जबानी जागेवर घेण्याची सोय १८९८ च्या संहितेत होतीच. त्याप्रमाणे कमिशन निघाले आणि एक मॅजिस्ट्रेट शिर्डीस येऊन टेबल मांडून बसला.

पुढची जबानी कायद्याच्या पुस्तकात छापावी अशी आहे. नाव विचारले तर लोक ज्या नावाने हाक मारतात ते सांगितले. बापाचे नाव विचारले तर तेच. वय लाखो वर्षांचे. आरोपीस ओळखता काय? ओळखतो, सगळ्यांनाच ओळखतो. तो तुमच्याजवळ राहतो काय? सगळेच माझ्याजवळ राहतात. दागिने दिले काय? दिले, पण कोण कोणास काय देतो? मॅजिस्ट्रेटची लेखणी कोठे कोठे थबकली असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. ओळीने वाचले तर आरोपीच्या बचावास याहून अनुकूल साक्ष नाही. अर्थाने वाचले तर त्यात सरकार पक्षासही काही नाही आणि आरोपीसही काही नाही. क्रिस्टिनचे सोंग खोटे असून कायद्याच्या साच्यात चपखल बसत होते. येथे वाक्ये भक्तांच्या दृष्टीने खरी असून साच्यात एकही बसेना. कायद्यास साक्षीदार खरा की खोटा एवढेच पारखता येते. या दोहोंपलीकडचा साक्षीदार समोर आला की त्याची शाई वाळते.

मग निकाल लागला कशाने? कमिशनरने गावची नोंदवही मागविली. बाहेरगावाहून गावात कोण आले, कोण उतरले, याच्या नोंदी ठेवण्याची रीत त्या काळी होती. आरोपी सांगत होता त्या दिवसांत असा कोणी परका इसम शिर्डीस आल्याची नोंद तीत नव्हती. जबानीचे कागद आणि वहीतील तो उतारा बरोबर घेऊन मॅजिस्ट्रेट परत गेला. बाबांस धुळ्यास जावे लागले नाही.